सीएपीडी पेशंटच्या अंगातलं पाणी: एकाच माणसाचे चार आकडे

रजिस्ट्रार_बाबू (धागाकर्ता)

चर्चेसाठी सीएपीडीवरचा एक नमुना पेशंट घेऊ (सीएपीडी म्हणजे पीडी, पोटात बॅगेतलं द्रव भरून काही तासांनी काढून टाकायचं डायलिसिस, यंत्राविना हाताने करायचं). पुरुष, वय ५५, उंची १६८ सेमी, पोट रिकामं करून वजन ६४ किलो. रोज २ लिटरच्या ४ बॅगा, लघवी ६०० मिली. दोन्ही घोट्यांवर बोट रुततं, बीपी १५०/९० च्या आसपास. अंगातलं एकूण पाणी काढायला बसलं की असे आकडे येतात:

वजनाच्या ६० टक्के: ३८.४ लिटर
वॉटसन (वय, उंची, वजनावरचं सूत्र): ३६.८ लिटर
ह्यूम-वेयर्स (उंची, वजनावरचं सूत्र): ३७.७ लिटर
बायोइम्पीडन्स यंत्र (अंगातून बारीक करंट सोडून पाणी मोजणारं): ३९.४ लिटर (पेशीबाहेर १८.०, पेशींत २१.४, जादा पाणी ४.०)

केटी/व्ही (डायलिसिसच्या डोसाचं माप: आठवड्याचं युरिया क्लिअरन्स, म्हणजे युरियापासून साफ झालेलं पाणी, भागिले अंगातलं पाणी व्ही) काढताना यातला कुठला व्ही घ्यायचा? ड्राय वेट (जादा पाणी नसतानाचं वजन) ठरवताना कुठला? आणि यंत्र लावताना पोटात बॅग भरलेली असली तर चालते का? तिन्हीवर ज्याला जे ठाऊक आहे ते आकड्यांसकट लिहा.

नेफ्रो_सातारा

यातले दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतो.

केटी/व्ही मधला व्ही म्हणजे युरिया ज्या पाण्यात पसरतो ते पाणी. ते भागाकारात येतं ते डोस माणसाच्या आकाराला जुळवायला, म्हणजे धिप्पाड माणसाला जास्त आणि किरकोळ माणसाला कमी. ड्राय वेट ठरवताना आपण निराळंच विचारतो: या माणसात नको असलेलं पाणी किती? पहिल्या कामाला वॉटसन पुरतो. दुसऱ्या कामात तो मुळातच आंधळा आहे. का, ते सूत्रातच दिसतं.

पुरुष: २.४४७ − (०.०९५१६ × वय) + (०.१०७४ × उंची सेमी) + (०.३३६२ × वजन किलो)
स्त्री: −२.०९७ + (०.१०६९ × उंची सेमी) + (०.२४६६ × वजन किलो)

१९८० सालचं सूत्र. आधी प्रसिद्ध झालेली मोजमापं गोळा करून, ४५८ पुरुष आणि २६५ स्त्रिया, त्यावर रेषा बसवलेली. स्त्रियांच्या सूत्रात वय नाही, हे बरेच जण विसरतात आणि एक्सेलमध्ये दोघांनाही वय लावून बसतात.

आता वजनाचा गुणक बघा. पुरुषाचं वजन १ किलोने वाढलं की वॉटसन पाणी ३३६ मिलीने वाढवतो. सर्वसाधारण माणसाचं वजन वाढतं तेव्हा त्यात चरबी आणि मांस दोन्ही असतं, त्यामुळे सरासरी तेवढंच पाणी येतं. पण सुजेचा एक किलो म्हणजे जवळजवळ पूर्ण एक लिटर पाणी. म्हणजे सुजेच्या प्रत्येक किलोमागे वॉटसन ६६४ मिली गिळून टाकतो.

धागाकर्त्याच्या पेशंटवर हेच लावू. ६४ किलोवर वॉटसन ३६.८. त्यातले ४ किलो सूज धरली तर कोरडं वजन ६०, आणि ६० किलोवर वॉटसन ३५.४. त्यात ४ लिटर सूज मिळवली की ३९.४. यंत्रही ३९.४ च सांगतंय. म्हणजे वॉटसन आणि यंत्र भांडत नाहीयेत, वॉटसनला सूज दिसत नाही इतकंच. (इथे आकडे इतके चपखल जुळले ते नमुना म्हणून. प्रत्यक्षात एक-दोन लिटरचा फरक राहतोच.)

ओहमचा_नियम

वॉटसनमध्ये कुठली चूक किती महागात पडते तेही लिहून ठेवतो. पुरुषाच्या उंचीत ५ सेमी चूक म्हणजे ०.५४ लिटर. वयात १० वर्षांची चूक ०.९५ लिटर. वजनात २ किलो, म्हणजे पोटातली बॅग न काढता काट्यावर उभं केलं तर, ०.६७ लिटर. उंची विचारून लिहू नका, मोजा. पाठीला बाक आलेल्या वयस्कर माणसाने सांगितलेली उंची तरुणपणची असते.

रजिस्ट्रार_बाबू

म्हणजे केटी/व्ही साठी ६४ वर काढायचा की ६० वर? की सरळ यंत्राचा ३९.४ घालायचा? तो तर खरा मोजलेला आहे.

नेफ्रो_सातारा

तिन्ही करून बघा, मग बोलू.

२४ तासांत निघालेलं एकूण द्रव ९.२ लिटर (८ लिटर आत गेलेलं, १.२ लिटर यूएफ, म्हणजे अंगातून ओढलं गेलेलं पाणी). निघालेल्या द्रवातला युरिया भागिले रक्तातला युरिया ०.९३. रोजचं क्लिअरन्स ८.५६ लिटर, आठवड्याचं ५९.९. लघवी ०.६ लिटर, तिच्यात युरिया ३००, रक्तात १००, म्हणजे रोज १.८, आठवड्याला १२.६. एकूण ७२.५ लिटर.

७२.५ भागिले ३६.८ (सुजेसकट वॉटसन): १.९७
७२.५ भागिले ३५.४ (कोरड्या वजनावर वॉटसन): २.०५
७२.५ भागिले ३९.४ (यंत्र): १.८४

पेशंट तोच आणि बॅगाही त्याच असून १.८४ ते २.०५. पण केटी/व्ही आठवड्याला किमान १.७ ही रेघ ज्या अभ्यासांतून आली, त्यांत व्ही सूत्राने काढलेला होता. मेक्सिकोतला अडेमेक्स २००२ चा आणि हाँगकाँगचा २००३ चा. मापपट्टी एकीकडची आणि खूण दुसरीकडची असं करू नका. यंत्राचा व्ही घालून १.६५ आला म्हणून बॅगा वाढवल्या, तर ते त्या पुराव्याच्या बाहेर जाऊन केलेलं काम आहे.

माझं मत: केटी/व्ही साठी वॉटसन, सूज सोडून धरलेल्या वजनावर, आणि प्रत्येक वेळी तेच वजन. मागच्या वेळी सुजेसकट आणि या वेळी सुजेविना काढलं, तर आकडा वाढलेला दिसेल आणि डायलिसिसमध्ये काहीच बदललेलं नसेल. शिवाय आयएसपीडी या पीडीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनी एकाच आकड्याच्या मागे लागणं कमी केलंय. पेशंटला भूक लागते का, झोप येते का, पोटॅशियम आणि पाणी आटोक्यात आहे का, हे सगळं बघून डोस ठरवायचा.

ओहमचा_नियम

थोडा विरोध नोंदवतो. पुराव्याच्या दृष्टीने वॉटसन बरोबर, मान्य. पण जिथे सूत्र दहा-पंधरा टक्के चुकतं हे आधीच माहीत आहे (अतिलठ्ठ, खंगलेले, पाय कापलेले) तिथे "पुरावा वॉटसनवर आहे" म्हणत चुकीचाच व्ही वापरणंही बरोबर नाही. अशा पेशंटमध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत.

आता पोटातल्या बॅगेचा प्रश्न, कारण त्यावर मला बोलायचंच होतं.

मनगट ते घोटा असा करंट सोडणारं यंत्र (बीसीएम त्याच प्रकारचं, ५ ते १००० किलोहर्ट्झमधल्या ५० फ्रीक्वेन्सी) शरीराला एकामागे एक जोडलेल्या नळकांड्यांसारखं बघतं. हात बारीक, पाय जरा जाड, धड खूप जाड. रोध काटछेदाच्या उलट प्रमाणात असतो, त्यामुळे शरीराचं जवळपास अर्धं वस्तुमान धडात असूनही एकूण रोधात धडाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. पोटात २ लिटर भरले तर त्या दहा टक्क्यांतला थोडासाच भाग बदलतो. थोडक्यात, यंत्राला पोटातली बॅग फारशी दिसत नाही. बहुतेक अभ्यासांत भरलेल्या आणि रिकाम्या पोटातला फरक लहानच आलाय.

पण वजन आपण हाताने टाइप करतो. खरी गडबड तिथेच होते. जादा पाण्याचं समीकरण असं आहे:

जादा पाणी = १.१३६ × पेशीबाहेरचं पाणी − ०.४३० × पेशींतलं पाणी − ०.११४ × वजन

धागाकर्त्याचे आकडे घाला: २०.४५ − ९.२० − ७.३०, म्हणजे ३.९५. आता भरल्या पोटाचं ६६ किलो वजन टाका: शेवटचं पद ७.५२ होतं आणि जादा पाणी ३.७२ येतं. पोटात पाणी जास्त असून यंत्र पाणी कमी सांगतं! वजन पाण्याचं घनफळ काढणाऱ्या समीकरणातही शिरतं, त्यामुळे नेमका फरक थोडा हलतो, पण गोम हीच. उपाय सोपा आहे. पोट भरलेलं असताना मोजलंत तर वजनातून बॅगेचे किलो वजा करूनच टाइप करा.

पीडी_सिस्टर

बॅग २ लिटरची असली तरी वजा २ च करायचं असं नाही बरं का. आत किती गेलं आणि आतापर्यंत यूएफ किती झालं असेल, दोन्ही धरावं लागतं. लांबच्या ड्वेलनंतर (द्रव पोटात ठेवण्याचा वेळ) पोटात २.३-२.४ लिटरही असतं. आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजऐवजी वापरायचं, बराच वेळ पाणी ओढत राहणारं द्रव) असेल तर आणखी. म्हणून शक्य तिथे ड्रेन करूनच वजन घ्यावं आणि रिकाम्या पोटीच यंत्र लावावं. वजाबाकीची कटकटच नको.

यंत्र लावतानाच्या चुका लिहिते:

पेशंटला किमान ५ मिनिटं सपाट आडवं ठेवायचं. चालत आला, लगेच झोपवला आणि बटण दाबलं तर पायातलं पाणी अजून पायातच असतं.

हात अंगापासून सुटा, मांड्या एकमेकींना न चिकटलेल्या. जाड पेशंटमध्ये मांड्यांच्या मध्ये कोरडा टॉवेल किंवा चादरीची घडी ठेवा, नाहीतर करंट जवळची वाट पकडतो. हात लोखंडी पलंगाच्या कठड्याला टेकलेला नको.

इलेक्ट्रोड हाताच्या आणि पायाच्या एकाच बाजूचे. हातावर एक बोटांच्या पेरांच्या मागे आणि दुसरा मनगटावर, हाड वर येतं त्या रेषेत. पायावर एक बोटांच्या मागे, दुसरा घोट्याच्या दोन हाडांच्या मध्ये. जोडीतल्या दोघांत ५ सेमी तरी अंतर. पावलं लहान असलेल्या बायकांमध्ये हे अंतर हमखास कमी पडतं आणि आकडा बिघडतो. तेल, व्हॅसलीन, घाम स्पिरिटने पुसून काढा आणि वाळू द्या.

पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाला गरजेला शॉक देणारं, अंगात बसवलेलं यंत्र) असेल तर यंत्र लावायचंच नाही. गरोदर बाईलाही नाही.

ओहमचा_नियम

आणि मोजून झाल्यावर स्क्रीनवरचा कोल-कोल आलेख (सगळ्या फ्रीक्वेन्सींवरच्या मोजमापांचा) बघा. सुबक कमान दिसली पाहिजे. टोकाला शेपटी वळलेली असेल, ठिपके विखुरलेले असतील, तर इलेक्ट्रोड सैल आहे किंवा कुठेतरी स्पर्श होतोय. गुणवत्तेचा आकडा कमी दाखवत असेल तर पुन्हा मोजा. कागदावर दशांशात छापलंय म्हणून ते बरोबर, असं नसतं.

एक फरक लक्षात ठेवा. उभं राहून तळवे आणि पावलं टेकवून मोजणारी यंत्रं (इनबॉडीसारखी) हात, पाय आणि धड वेगवेगळं मोजतात. धडाचा रोध तिथे स्वतंत्र येतो, म्हणून पोटातली बॅग तिथे जास्त त्रास देते. त्या यंत्रावर रिकामं पोट हवंच. आणि या यंत्राचा आकडा त्या यंत्राच्या आकड्याशी ताडायचा नाही, आतली समीकरणं वेगळी असतात.

रजिस्ट्रार_बाबू

जादा पाणी ४.० म्हणजे वजन ४ किलो कमी करायचं, एवढं सरळ आहे का?

नेफ्रो_सातारा

अजिबात नाही.

निरोगी लोकांत हा आकडा साधारण −१.१ ते +१.१ लिटर असतो. तेव्हा गाठायचं ते शून्य नव्हे, हा पट्टा. दुसरं, जादा पाणी भागिले पेशीबाहेरचं पाणी बघा: ४ भागिले १८, म्हणजे २२ टक्के. १५ टक्क्यांच्या वर गेलं की धोक्याची बाजू धरतात. ती रेघ मूळची हिमोडायलिसिसच्या पेशंटमधली. सहा युरोपीय देशांतल्या ६३९ पीडी पेशंटची मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली, त्यात पाणी योग्य पट्ट्यात असलेले जेमतेम ४० टक्के होते. तेव्हा हा पेशंट काही विरळा नाही.

पण हे पाणी रक्तवाहिन्यांत आहे की ऊतींत, ते यंत्र सांगत नाही. अल्ब्युमिन (रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारं प्रथिन) २.५ इतकं कमी असलेल्या माणसाच्या पायात चार लिटर असतील आणि रक्तवाहिन्या अर्ध्या रिकाम्या. त्याला ४.२५ टक्क्यांच्या (तीव्र ग्लुकोजच्या) बॅगा लावून झपाट्याने ओढलं की बीपी पडतो आणि उरलीसुरली लघवी जाते. या पेशंटची लघवी ६०० मिली आहे, आठवड्याच्या ७२.५ मधले १२.६ लिटर तिथून येतात. ती गेली तर कोरड्या वजनावरही केटी/व्ही २.०५ वरून १.६९ वर.

म्हणून आधी मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणणं, मग फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध (लघवी आहे तोवर), मग रात्रीच्या लांब ड्वेलला आयकोडेक्स्ट्रिन. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरवायचा, उभ्याचा बीपी बघत, आणि महिन्याने पुन्हा यंत्र. फुप्फुसांची सोनोग्राफी करता येत असेल तर बी-लाइन्स (फुप्फुसांत पाणी असलं की दिसणाऱ्या रेषा) मोजा. पायात सूज आणि फुप्फुसं कोरडी, किंवा उलट, अशा वेळी तिचा फार उपयोग होतो.

पीडी_सिस्टर

यूएफच्या आकड्यात एक लबाडी लपलेली असते. एक्स्चेंज (बॅग बदलणं) करताना भरण्याआधी नळी फ्लश करतो, ते साधारण १०० मिली द्रव थेट ड्रेन बॅगेत जातं. काट्यावर ड्रेन बॅग टांगून वजन घेतलं की तेही यूएफ म्हणून मोजलं जातं. चार एक्स्चेंजमध्ये ४०० मिली. वहीत १.२ लिटर लिहिलेलं यूएफ प्रत्यक्षात ०.८ असू शकतं. डॉक्टर म्हणतात यूएफ छान आहे, आणि पेशंट फुगत चाललेला असतो. भरण्याआधी नव्या बॅगेचं वजन, झाल्यावर ड्रेन बॅग आणि रिकामी पिशवी दोन्हींचं मिळून वजन, आणि दोन्हींतला फरक हा हिशेब बरोबर येतो. मग फ्लश आपोआप कटतो. पिशवी-नळ्यांचं वजनही कटतं.

रजिस्ट्रार_बाबू

मग वरच्या हिशेबातल्या ९.२ लिटरमध्येही फ्लश असेल तर केटी/व्ही पण खोटा?

ओहमचा_नियम

नाही, आणि हे गमतीशीर आहे. फ्लशच्या द्रवात युरिया नसतो. तो ड्रेन बॅगेत मिसळला की घनफळ वाढतं आणि युरिया त्याच प्रमाणात पातळ होतो. घनफळ गुणिले युरिया तेवढाच राहतो. अट एकच: नमुना त्याच मिसळलेल्या बॅगेतून, नीट हलवून घेतला पाहिजे. घनफळ फ्लशसकट धरलं आणि नमुना कॅथेटरजवळून थेट घेतला, तर मात्र क्लिअरन्स फुगतो. चुकीचं ठरतं ते यूएफ, म्हणजे पाण्याचा हिशेब.

पीडी_सिस्टर

नमुन्याचं पण लिहिते मग. २४ तासांच्या सगळ्या बॅगा एका मोठ्या भांड्यात ओतून ढवळणं उत्तम. ते जमत नसेल तर प्रत्येक बॅगेतून तिच्या घनफळाच्या प्रमाणात घ्या: २.२ लिटरच्या बॅगेतून २.२ मिली, २.४ च्या बॅगेतून २.४ मिली, आणि एकत्र करा. सगळ्या बॅगांतून सारखे ५-५ मिली घेतले की लांब ड्वेल आणि छोटा ड्वेल यांची सरासरी चुकते.

लघवी गोळा करताना सकाळची पहिली टाकायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. दिवसातून दोनदाच लघवी होणाऱ्यांची ४८ तासांची घ्या. बाटली थंड जागी ठेवा, जंतू वाढले की युरिया फुटतो. रक्त सीएपीडीत कधीही घेतलं तरी चालतं, दिवसभर युरिया जवळपास तसाच राहतो. रात्री सायकलर (आपोआप द्रव बदलणारं यंत्र) असणाऱ्यांचं दुपारच्या सुमाराला घ्या.

आणि लॅबला सांगा की द्रव, लघवी, रक्त तिन्हींत युरियाच लिहा. एका रिपोर्टवर बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) आणि दुसऱ्यावर युरिया आला की २.१४ पटीचा घोळ होतो.

डाळ_भात_प्रथिन

आहाराच्या बाजूने बघू. वॉटसनची माणसं आपल्याकडची नव्हती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचं वय आणि उंची सारखी धरली तर वॉटसन दोघांना सारखंच पाणी देईल.

चरबी सोडून उरलेल्या शरीरात पाणी साधारण ७३ टक्के. ६४ किलोच्या माणसात २० टक्के चरबी असेल तर ५१.२ किलो गुणिले ०.७३, म्हणजे ३७.४ लिटर. ३० टक्के असेल तर ३२.७. पावणेपाच लिटरचा फरक, वजन-उंची तीच. बारीक हातापायांच्या आणि पोट सुटलेल्या आपल्या मधुमेही पेशंटमध्ये वॉटसन सूज नसताना पाणी जास्त सांगतो आणि केटी/व्ही कमी दिसतो. सूज असेल तर उलट दिशेने चुकतो. दोन चुका एकमेकींना मारतात आणि आकडा योगायोगाने ठीक येतो, त्यावर फार विसंबू नका.

ही ७३ टक्क्यांची युक्ती सुजलेल्या पेशंटमध्ये लावायची नाही, हेही सांगते. सुजेचं पाणी "चरबीविरहित वजन" म्हणून मोजलं जातं आणि कागदावर स्नायू वाढलेले दिसतात.

आता खंगलेल्या पेशंटचं. बाई, १५५ सेमी, पूर्वी ५० किलो, आता ४०. आठवड्याचं क्लिअरन्स ४५ लिटर. ४० किलोवर वॉटसन २४.३, केटी/व्ही १.८५, सगळे खूश. ५० किलोवर वॉटसन २६.८, केटी/व्ही १.६८. जेवण तुटलं म्हणून आकडा सुधारला! म्हणून खंगलेल्या पेशंटमध्ये असायला हवं त्या वजनावर व्ही काढा.

नेफ्रो_सातारा

याला जोडून: खंगलेल्या पेशंटमध्ये पेशीबाहेरचं भागिले एकूण पाणी हा गुणोत्तराचा आकडाही फसवतो. उभ्याच्या यंत्रांवर ०.३९ च्या वर गेलं की लोक "पाणी वाढलं" म्हणतात. पण स्नायू गेले की पेशींतलं पाणी कमी होतं, आणि बाहेरचं तेवढंच राहूनही गुणोत्तर चढतं. नुसतं गुणोत्तर बघू नका, वरचा आणि खालचा दोन्ही आकडे मागच्या वेळेशी ताडा.

डाळ_भात_प्रथिन

आणि वजन स्थिर म्हणजे सगळं आलबेल, हेही नको. बॅगांतून रोज सहज १०० ग्रॅमच्या वर ग्लुकोज अंगात जातं. त्याने चरबी वाढते. दुसरीकडे निघणाऱ्या द्रवातून प्रथिनं जातात, स्नायू झिजतात, आणि त्या जागी पाणी भरतं. काटा सहा महिने ६४ च दाखवतो आणि आतलं सगळं बदललेलं असतं. नुसत्या वजनावर ड्राय वेट वर्षभर तेच ठेवायचं नाही.

छोटे_मूत्रपिंड

लहान मुलांत वॉटसन वापरू नका एवढं सांगायला आले. मोठ्यांवर बसवलेल्या रेषेला मुलांची अंगकाठी झेपत नाही. पीडीवरच्या मुलांवरूनच काढलेलं मॉर्गनस्टर्न यांचं २००६ चं सूत्र आहे:

मुलगे: ०.१० × (उंची × वजन) चा ०.६८ वा घात − ०.३७ × वजन
मुली: ०.१४ × (उंची × वजन) चा ०.६४ वा घात − ०.३५ × वजन

१२० सेमी, २० किलोचा मुलगा: २४०० चा ०.६८ वा घात साधारण १९९, त्याचा दशांश १९.९, वजा ७.४, म्हणजे १२.५ लिटर. कॅल्क्युलेटरवर आधी गुणाकार, मग घात. आधी उंचीचाच घात घेणारे भेटतात.

रजिस्ट्रार_बाबू

या सगळ्या सूत्रांना आणि यंत्रांना शेवटी कशाशी ताडून बघितलंय?

ओहमचा_नियम

ड्युटेरियमशी. जड पाण्याचा मोजलेला घोट द्यायचा, ते अंगभर मिसळेपर्यंत थांबायचं (तीन-चार तास, सूज खूप असेल तर जास्त), आणि रक्त, लाळ किंवा श्वासातलं प्रमाण बघायचं. जितकं पातळ झालं तितकं पाणी जास्त. त्यातही दोन काटे आहेत. ड्युटेरियम प्रथिनांतल्या हायड्रोजनशी थोडी अदलाबदल करतं, म्हणून उत्तर साधारण ४ टक्के जास्त येतं आणि तेवढं कापावं लागतं. आणि पीडीत ते पोटातल्या द्रवातही शिरतं. बॅग भरलेली ठेवून मोजलं तर ते दोन लिटरही "शरीराचं पाणी" म्हणून उत्तरात येतात. मध्येच ड्रेन केलं तर ड्युटेरियमच बाहेर जातं. म्हणून तेवढा वेळ पोट रिकामं ठेवतात, नाहीतर द्रवाचा नमुना घेऊन वजाबाकी करतात. संशोधनाचं काम आहे हे, ओपीडीचं नव्हे.

पीडी_सिस्टर

पाय कापलेल्या पेशंटचं कोणीतरी वर म्हणालं होतं, ते राहिलं. मधुमेहींत असे बरेच असतात. यंत्र कुठल्या बाजूला लावायचं आणि वजन कुठलं टाकायचं?

नेफ्रो_सातारा

गुडघ्याखालचा भाग पावलासकट शरीराच्या साधारण ५.९ टक्के, पूर्ण पाय १६ टक्के. गुडघ्याखाली कापलेल्या ५८ किलोच्या माणसाचं पूर्वीचं वजन ५८ भागिले ०.९४१, म्हणजे ६१.६. वॉटसन ६१.६ वर, कापण्याआधीच्या उंचीने काढा. मग गेलेल्या ३.६ किलोचं पाणी, साधारण ७० टक्के धरून २.५ लिटर, त्यातून वजा करा. थेट ५८ वर काढलं तर वॉटसन त्या ३.६ किलोमागे फक्त १.२ लिटर कमी करतो, म्हणजे व्ही १.३ लिटरने जास्त राहतो.

यंत्र शाबूत पायाच्या बाजूलाच लावा, पण ते दोन पाय धरूनच गणित करतं, त्यामुळे एकूण पाण्याचा आकडा जास्त येणार. त्या पेशंटमध्ये आकडा सोडा, त्याच बाजूचं त्याच स्थितीतलं पुढच्या महिन्याचं मोजमाप शेजारी ठेवा आणि फरक बघा. कृत्रिम पाय काढून वजन घ्या, आणि वहीत "पाय काढून" असं स्पष्ट लिहा. पुढच्या वेळी दुसरी सिस्टर असेल तर दोन किलोचा घोळ तिथेच होतो.